उघड्या डोळ्यांची प्रार्थना

नाताळ अंकाचे संपादक आमच्याच मंडळीतले, माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांचा फोन आला, "मावशी, तुमची चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात गेली. रोजच्या जगण्यात देवाची कृपा कशी अनुभवाला आली, प्रार्थनेला उत्तर कसं मिळालं, ते लिहा. वाचणाऱ्याला उभारी येईल असं. आणि एक चांगला फोटो पाठवा." फोटो पाठवला आहे. उभारीचं मात्र मी कबूल केलेलं नाही.

मी नर्स होते. बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात माझी बहुतेक नोकरी गेली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते माझं आहे, दवाखान्याचं नाही. आमच्याकडे सिस्टर म्हटली की ती ख्रिश्चनच असणार असा लोकांचा पक्का समज. माझ्यापुरता तो खराही होता. त्यामुळे गोळ्या घेऊन झाल्या की म्हाताऱ्या बाया थांबायच्या. "सिस्टर, तुमची ती प्रार्थना बी करा की. तिनं काय अपाय तर न्हाई ना?" मी म्हणायचे, नाही. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

दवाखान्यात सगळ्यात जास्त काय यायचं, तर साप. साप म्हणजे सापाची माणसं. कधीकधी सापसुद्धा. एकदा एक शेतकरी चावलेला साप तेलाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घेऊन आला. "कोणता हाय त्ये बगा आन मग इंजेक्शन द्या" म्हणाला, आणि मी नको नको म्हणत असताना त्याने झाकण काढलं. साप जिवंत होता. बाकावर गुडघेदुखीच्या तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्या माझ्याआधी दाराबाहेर होत्या. लंगडे चालताना मी डोळ्यांनी पाहिले ते एवढेच. साप धामण निघाला, बिनविषारी. शेतकऱ्याला चहा पाजून घरी पाठवला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या भागात जिवावर उठणारे साप चार. घोणस आणि फुरसं रक्त नासवतात. पाय सुजतो, हिरड्यांतून रक्त येतं, दुरून दिसतं. नाग डसला की आग होते, माणूस ओरडत येतो. मण्यार तशी नाही. ती पावसाळ्यात घरात शिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते आणि त्याला जागही येत नाही. दाताची खूण शोधून सापडत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतंय म्हणून. मग पापण्या जड होतात, मग जीभ, मग मान, आणि शेवटी छाती. पापण्या पडल्या की तो झोपल्यासारखा दिसतो. तो झोपलेला नसतो. त्याला सगळं ऐकू येत असतं, कळत असतं, फक्त बोट हलवता येत नाही.

म्हणून आमचा नियम होता. पावसाळ्याच्या दिवसांत पहाटे कोणी पोटदुखी घेऊन आलं, की त्याला छताकडे बघायला लावायचं आणि पापण्या वर टिकतात का ते बघायचं. एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे. विसाच्या पुढे गेला तर ठीक, दहा-बारावर दम संपला तर डॉक्टरांना उठवायचं. याला मशीन लागत नाही, डोळे लागतात. नव्या मुली आल्या की हा नियम मी त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवायचे. विसरलात तर मी तुम्हाला चावेन, असं वर सांगायचे.

छाती थांबली की फुगा. तोंडावर मास्क धरायचा आणि त्याला जोडलेला रबरी फुगा हाताने दाबत राहायचं. तेवढा श्वास रुग्णाला मिळतो. मोठा दवाखाना तासाभराच्या रस्त्यावर होता, श्वास देणारं मशीन तिथेच. तोवर फुगा म्हणजेच त्याची छाती. यात एक अडचण असते. घाबरलेल्या माणसाचा हात पळतो. तो भराभरा दाबतो आणि त्याने नुकसान होतं. दर चार-पाच सेकंदांनी एकदा, एवढं संथ दाबायचं असतं, आणि समोर माणूस निळा पडत असताना संथ राहणं फार कठीण असतं. मी त्याला एक उपाय शोधला होता. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना ओळीओळीने सावकाश म्हणायची आणि ओळ संपली की एकदा दाबायचं. भाकर मागितली की एकदा. क्षमा मागितली की एकदा. आमेनला एकदा, मग पुन्हा पहिल्यापासून. घड्याळापेक्षा ते बरं चालायचं.

देविदास नावाचा एक पैलवान गडी होता, त्याला नाग डसला होता. त्याला मी आणि त्याच्या भावाने मिळून मोठ्या दवाखान्यापर्यंत असा नेला. भावाला प्रार्थना येत नव्हती, तो माझ्या ओठांकडे बघून दाबत होता. आठव्या दिवशी देविदास चालत घरी गेला आणि त्याच रविवारी मी चर्चमध्ये साक्ष दिली. आमच्यात ही रीत आहे. उपासनेच्या मध्ये पाळकसाहेब विचारतात, कोणाला साक्ष द्यायची आहे का? मग ज्याला देवाने काही दाखवलं तो उभा राहतो आणि सगळ्यांसमोर सांगतो. माझी साक्ष लोकांना आवडली. बाया डोळे पुसत होत्या. दोन महिन्यांनी आणखी एक साक्ष दिली, मग आणखी एक. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. दवाखान्यात काम करताना, हे रविवारी कसं सांगता येईल, असा विचार मनात येऊन जायचा. माझे यजमान शांतवनराव शाळेत मास्तर होते. ते एकदा जेवताना म्हणाले, "तुझ्या रुग्णांनी आता शनिवारपर्यंत बरं व्हायला पाहिजे." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

आता जे सांगायचं आहे त्याला अठरा वर्षं झाली. श्रावणातला रविवार होता. माझी रात्रपाळी आठ वाजता संपणार होती. सहाच्या सुमाराला, उजाडताना, घाटनांदूरच्या पलीकडच्या एका वाडीवरून कौसाबाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी मनीषा, अकरा वर्षांची, पाचवीत. घरी तिला मनी म्हणत. पोट धरून वाकली होती. रात्री शिळी भाकरी आणि ठेचा खाल्ला होता, त्याचंच झालं असेल, असं कौसाबाई म्हणाल्या. मीही पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. पोटाचं इंजेक्शन दिलं. मुलगी "बाई, घशात बी कसंतर हुतंय" म्हणाली. मी म्हटलं, इंजेक्शनने जाईल.

छताकडे बघ, हे मी तिला म्हटलं नाही. का नाही, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. थकले होते, हे खरं आहे. रात्रभरात दोन बाळंतपणं झाली होती. पण थकले होते म्हणून नियम विसरले, एवढंच ते नव्हतं. कौसाबाई म्हणाल्या, "सिस्टरबाई, तुमी परार्थना करता म्हणत्यात. हिच्यावर करा. तळमळती लई." आणि मला वाटलं, करावी. मी मनीच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना केली. आखडती घेतली नाही, चांगली मोठी केली. चार-पाच मिनिटं तरी झाली असतील. आमेन म्हणून डोळे उघडले तर मनी शांत पडली होती. तळमळ थांबली होती. पापण्या मिटल्या होत्या.

"झोपली," कौसाबाई हळूच म्हणाल्या.

"देवाची कृपा," मी म्हटलं.

आठ वाजता रिपोर्ट बुकात लिहिलं, "पोटदुखी. इंजेक्शन दिले. रुग्ण शांत झोपली आहे." दिवसपाळीच्या मुलीला वर तोंडी सांगितलं, पाच नंबरच्या खाटेवरची पोर आत्ता झोपली आहे, उठवू नकोस. डॉक्टर क्वार्टरमध्ये होते, पन्नास पावलांवर. त्यांना बोलवावं असं मला वाटलंच नाही. घरी जाऊन अंघोळ केली, निळ्या काठाची पांढरी साडी नेसले आणि साडेनऊच्या उपासनेला गेले.

पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का? मी उभी राहिले. घरून निघतानाच वाक्यं जुळवली होती. म्हणाले, आज पहाटे एक लेकरू पोटदुखीने तळमळत आलं. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले, प्रभूला हाक मारली. आमेन म्हणून डोळे उघडते तर काय, पापण्या आपोआप खाली आल्या होत्या.

आपोआप हा शब्द मी माझ्याच कानांनी ऐकला आणि थांबले. मंडळी "प्रभूची स्तुती असो" म्हणाली. मी तशीच उभी होते. श्रावण, पहाट, पोटदुखी, घसा, पापण्या. शाळेच्या फळ्यावर कोणी ओळीने लिहावं तसं सगळं समोर आलं. नव्या मुलींना मी ज्या क्रमाने शिकवायचे त्याच क्रमाने. शांतवनरावांनी खालून साडी ओढली, बस म्हणून. मी बाकांमधून वाट काढत बाहेर पडले आणि पळाले. चपला चर्चच्या दारातच राहिल्या.

वॉर्डात शिरले तेव्हा कौसाबाई पदराने मनीला वारा घालत होत्या. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोला, सिस्टरबाई. अजून झोपलीय."

मनीचे ओठ काळपट झाले होते. छाती हलत होती की नाही ते कळत नव्हतं. मी पापणी वर केली, ती तशीच पुन्हा खाली आली. दिवसपाळीची मुलगी बाळंतपणात अडकली होती, आणि तिने मी सांगितल्याप्रमाणेच केलं होतं, पोरीला उठवलं नव्हतं. मी फुगा आणला. डॉक्टर धावत आले. त्यांनी सापाच्या विषावरचं इंजेक्शन सलाईनमधून सुरू केलं आणि मला एकच प्रश्न विचारला, "पापण्या कधी पडल्या?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. नंतरही कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

दवाखान्याची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. समोर रशीदभाईंचं गॅरेज होतं. त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेली एक जीप होती, ती त्यांनी काढली. मागे फळीवर मनी, तिच्या डोक्याशी मी, पायाशी कौसाबाई. मी फुगा दाबत प्रार्थना म्हणत होते. जीप खड्ड्यातून गेली की मास्क सुटायचा, मग पुन्हा धरायचा. अर्ध्या वाटेवर माझे हात वळले. मी कौसाबाईंना म्हटलं, तुम्ही दाबा, मी मास्क धरते. त्या म्हणाल्या, "मला तुमची परार्थना येत न्हाई." मी म्हटलं, जे येतं ते म्हणा, सावकाश म्हणा. त्यांनी फुगा हातात घेतला आणि दाबताना म्हणाल्या, "मी हाय." थोडं थांबून पुन्हा दाबलं, "मी हाय." तेवढंच. माझ्या प्रार्थनेपेक्षा त्यांचा ताल बरोबर होता. पुढे रशीदभाईंनी आरशातून बघितलं आणि म्हणाले, "पढते रहो, मैं ठहरता नै." मोठ्या दवाखान्याच्या दारापर्यंत कौसाबाई "मी हाय" म्हणत होत्या.

मशीन मिळालं. श्वास सुरू राहिला. पण त्याआधी बराच वेळ मेंदूला हवा कमी पडली होती. मण्यारीचं विष उतरतं, योग्य वेळी फुगा लावला तर माणूस आठवड्याने उठून बसतो. वेळेवर लावला असता तर, एवढाच फरक. चौथ्या दिवशी मनी गेली.

चौकशी झाली नाही. कागदावर सगळं सरळ होतं. पोटदुखी, इंजेक्शन, झोप, मग अचानक बिघाड. मण्यार अशीच फसवते, असं सगळेच म्हणाले. चर्चमध्येही म्हणाले की सिस्टरला प्रभूने साक्षीच्या मध्येच इशारा दिला, म्हणून ती निदान धावली तरी. पाळकसाहेबांनी तर दुसऱ्या रविवारी तेच उदाहरण घेतलं. मी तिसऱ्या बाकावर खाली मान घालून बसले होते.

महिन्याने कौसाबाई दवाखान्यात आल्या. मला वाटलं, आता विचारतील. मी तयार होते. त्यांनी पिशवीतून भुईमुगाच्या ओल्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या.

"सिस्टरबाई, लोक कायबी म्हणू द्या. माजी लेक तळमळून न्हाई गेली. तुमच्या परार्थनेनं झोपली, ती झोपीतच गेली. तिला कायबी कळलं न्हाई. येवडं तरी देवानं केलं."

मी शेंगा घेतल्या.

त्यानंतर दर नाताळाला कौसाबाई चर्चमध्ये यायच्या. घरी त्यांचे देव होते, सणवार होते, त्यात काही बदल नव्हता. फक्त नाताळाला यायच्या, शेवटच्या बाकावर पदर डोक्यावर घेऊन बसायच्या आणि उपासना संपली की मला शेंगा किंवा बाजरी देऊन जायच्या. मंडळीला कौतुक. सिस्टरच्या साक्षीचं फळ म्हणायचे. सुनेच्या बाळंतपणाला, नवऱ्याच्या ऑपरेशनला कौसाबाई मला प्रार्थना करायला सांगायच्या. मी करायचे, पण डोळे उघडे ठेवून.

हे मी ठरवून केलं नाही. मनीनंतर मला डोळे मिटताच येईनात. कोणासमोर हात जोडले की माझी नजर त्याच्या पापण्यांवर जायची. आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात, हात जोडा, डोळे मिटा. माझे वडील उपदेशक होते, मी चार वर्षांची असताना डोळे किलकिले केले म्हणून त्यांनी टपली मारली होती. आणि आता पन्नाशीतली बाई चर्चमध्ये डोळे सताड उघडे ठेवून बसते, हे लोकांच्या लक्षात यायचंच. पाळकसाहेबांनी एकदा गोड शब्दांत सुचवलंही, की डोळे मिटल्याने मन एकाग्र होतं. मी म्हटलं, साहेब, माझं मन नको तेवढं एकाग्र आहे. साक्ष द्यायला मी पुन्हा कधी उभी राहिले नाही.

शांतवनरावांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. पण मी जेव्हा जेव्हा म्हणायचे, कौसाबाईंना खरं सांगायला पाहिजे, तेव्हा ते एकच प्रश्न विचारायचे. "सांगून ओझं कोणाचं उतरणार? तुझं की तिचं?" मी चिडायचे. पापाची कबुली द्यायला सांगतात ते काय उगाच? मला त्यांचा प्रश्न पळवाट वाटायचा. तो पळवाट नव्हता, हे कळायला फार उशीर झाला.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी निवृत्त झाले. दवाखान्यात निरोप समारंभ झाला, शाल, श्रीफळ, घड्याळ. कौसाबाईही आल्या होत्या. कोणीतरी आग्रह केला म्हणून त्या माईकपुढे उभ्या राहिल्या. "माज्या लेकीला शेवटच्या येळंला ह्या बाईनं झोप दिली," एवढंच बोलून त्या खाली बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला सोसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरून मी त्यांच्या वाडीवर गेले.

कौसाबाई अंगणात बाजरी पाखडत होत्या. मला बघून पाट टाकला. मी बसले आणि सगळं सांगितलं. नियम काय असतो, तो मी कसा पाळला नाही, डॉक्टर पन्नास पावलांवर असून बोलावले नाहीत, उठवू नकोस म्हणून मीच सांगून गेले. झोप नव्हती, विष होतं. वेळेवर ओळखलं असतं तर मनी आज अठ्ठावीस वर्षांची असती. कौसाबाई सूप हलवत राहिल्या. माझं बोलणं संपल्यावर सूप थांबलं.

"झोप न्हवती?"

"नाही."

"मंग काय हुतं?"

"पापण्या उचलायची ताकद गेली होती. हातपाय हलत नव्हते."

"पर शुद्ध?"

मी इथे थांबू शकले असते. चौतीस वर्षांची नोकरी, नातेवाइकांना किती सांगायचं आणि कुठे थांबायचं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण मी कबुली द्यायला आले होते, आणि कबुली अर्धी देऊ नये असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

"शुद्ध होती," मी म्हटलं. "त्यात ऐकू येतं. कळतं."

कौसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमी गेल्यावर बी? दोन तास?"

"बहुतेक."

त्यांनी सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले. "तुमी जावा आता, सिस्टरबाई," म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लावलं नाही, पण बाहेरही आल्या नाहीत. मी फाट्यावर येऊन उन्हात बसची वाट बघत बसले. छाती हलकी झाल्यासारखी वाटत होती आणि त्याची लाजही वाटत होती.

त्या नाताळाला शेवटचा बाक रिकामा राहिला. पाळकसाहेबांनी विचारलं, तुमच्या त्या कौसाबाई नाही आल्या? मी म्हटलं, नाही आल्या.

या वर्षी श्रावण संपता संपता, दुपारी, माझ्या दारात कौसाबाई उभ्या होत्या. वाळल्या होत्या. हातात पिशवी नव्हती. शांतवनराव पाणी देऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. कौसाबाईंनी पाणी घेतलं नाही. इकडचं तिकडचं काही न बोलता सुरुवात केली.

"त्या दिशी तुमी गेल्यावर तिचा बाप आलता. त्यो म्हणला, कावून आणली हिला, खुरपायला कोण जाणार? लई बोलला मला. मंग मी बी चिडले. मला वाटलं, झोपलीय, तिला काय ऐकू येतंय." त्या थांबल्या. "मी म्हणले, ही लई नाटकी हाय. कामाचं नाव काडलं का पोट दुकतंय हिचं. मी म्हणले..."

मी पाण्याचा पेला त्यांच्याजवळ सरकवला.

"मी म्हणले, ही झालीच नसती तर बरं झालं असतं."

बाहेर ओट्यावर शांतवनरावांचं खाकरणं ऐकू आलं. कौसाबाई रडत नव्हत्या. वर्षभर रडून झालं असावं.

"सतरा वर्सं मी इसरले हुते त्ये. झोपली हुती म्हणून इसरले. आता रोज आठवतंय. खरं सांगा सिस्टरबाई, तिनं ऐकलं असंल?"

माझ्या कामात एक गोष्ट मी नेहमी बजावायचे, की नातेवाइकांना खोटा धीर देऊ नका. त्या दुपारी मला खोटं बोलावंसं वाटलं. अगदी ओठावर आलं होतं. पण एकदा मी या बाईला झोप म्हणून विष दिलं होतं, दुसऱ्यांदा देणं जमलं नाही.

"ऐकलं असेल," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

"आन जीपमदी? मी म्हणत हुते ना, मी हाय, मी हाय. त्ये?"

"ते सांगता येत नाही. तोवर उशीर झाला होता. ऐकलं असेलही. मला माहीत नाही, कौसाबाई."

मी त्यांची माफी मागितली. गेल्या वर्षी माझ्या चुकीची मागितली होती, आता ती सांगितल्याची मागितली. माझं ओझं उतरवायला मी ते त्यांच्या डोक्यावर ठेवून आले होते, हे म्हटलं. क्षमा केली, असं त्या म्हणाल्या नाहीत. केली नाही, असंही म्हणाल्या नाहीत. उगाच काही शब्द त्यांच्या तोंडी घालून हा लेख मला गोड करायचा नाही.

मग त्या म्हणाल्या, "परार्थना करा."

"कोणासाठी?"

"कोनासाटी बी करा. मला तुमच्यासारकी येत न्हाई."

मी हात जोडले. डोळे उघडेच होते. कौसाबाईंच्या पापण्यांकडे बघत मी पहिली ओळ म्हटली. दुसरी ओळ येईना. हजारो वेळा म्हटलेली प्रार्थना, जिच्यावर मी माणसांचे श्वास मोजले, ती भाकरीपर्यंतही पोचेना. क्षमा तर फार पुढे होती.

कौसाबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. "तुमी डोळे कावून मिटत न्हाई? आदी मिटायच्या."

"भीती वाटते," मी म्हटलं. "मिटले की काहीतरी निसटेल."

त्या सरकून जवळ आल्या. त्यांचा राकट, शेणामातीने भेगाळलेला हात त्यांनी माझ्या कपाळावर ठेवला, जसा मी त्या पहाटे मनीच्या ठेवला होता.

"मिटा," त्या म्हणाल्या. "मी हाय."

मी डोळे मिटले.